माजी विद्यार्थ्यांचे अकरा लाख : यंत्राला, विद्यार्थ्याला की संशोधनाला?

तिसरी पाळी

आमच्या तुकडीने १९९४ साली एका शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. तीस वर्षांनी भरलेल्या मेळाव्यात जेवणे झाल्यावर कोणीतरी "आपण कॉलेजसाठी काहीतरी करू या" असे म्हणाले. हा विषय नेहमीप्रमाणे पानसुपारीबरोबर संपेल असे वाटले होते, पण पुढच्या चार महिन्यांत खरोखर अकरा लाख रुपये जमले. पैसे जमेपर्यंत आमच्यात एकोपा होता. आता तीन तट पडले आहेत.

पहिल्या तटाला प्रयोगशाळेसाठी एक चांगले यंत्र घ्यायचे आहे, दुसऱ्याला गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आहे. तिसरा तट दोघांचाच आहे, पण त्यातला एक जण पुढे पीएच.डी. झालेला असल्यामुळे तो मोठ्या आवाजात बोलतो. त्याच्या मते सगळा पैसा संशोधनाला द्यावा. माझा स्वतःचा कल यंत्राकडे आहे. आम्ही शिकत असताना एका लेथवर सहा जण उभे राहत असू आणि त्यांतले चौघे जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा तुकडा, पूर्ण झाल्यावरच त्याला हात लावत, तोही सबमिशनसाठी. ज्यांनी अशा देणग्या दिल्या, घेतल्या किंवा वाया जाताना पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

डेडस्टॉक

मी एका महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळली. महाविद्यालयाचे नाव विचारू नये.

आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांनी ओढ-चाचणीचे यंत्र, म्हणजे यूटीएम, भेट दिले. उद्घाटनाला मांडव होता, पेढे होते, भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी होती. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढले आणि त्या क्षणापासून ते सरकारी मालमत्ता झाले. पहिली दोन वर्षे ते उत्तम चालले. तिसऱ्या वर्षी लोडसेलचे, म्हणजे भार मोजणाऱ्या भागाचे, कॅलिब्रेशन करायचे होते, त्यासाठी तरतूद नव्हती. चौथ्या वर्षी पंपाच्या सीलमधून तेल गळू लागले. दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवायची होती, पण त्या यंत्राची दुरुस्ती करणारी संस्था एकच होती, त्यामुळे फाइल दोनदा परत आली. नंतर त्याच्यावर निळे प्लास्टिक चढले. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असली की प्लास्टिक निघत असे, यंत्र पुसले जात असे आणि समिती गेली की पुन्हा निळे प्लास्टिक. पाटी मात्र आम्ही दर दिवाळीला ब्रासो लावून पुसायचो, म्हणजे तिची पितळी अक्षरे.

यंत्र देऊ नका असे मी म्हणत नाही. अकरा लाख असतील तर सहाचे यंत्र घ्या आणि पाच त्याच्या देखभालीसाठी बाजूला ठेवा. ते पाच महाविद्यालयाकडे न देता स्वतःच्या माजी विद्यार्थी संघाकडे ठेवा.

लेथवाला

डेडस्टॉक यांच्या प्रतिसादावरून असा निष्कर्ष निघतो की देखभाल फक्त पाटीची होते, म्हणून यंत्रच ग्रॅनाइटचे करावे.

निळी शाई

मी दुसऱ्या तटात आहे आणि त्यामागे कारण आहे.

माझ्या पदविकेच्या काळात फी भरण्याचा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण सवलत होती. प्रश्न होता जेवणाचा. मी आणि माझा खोलीतला सोबती मिळून खाणावळीचा एक डबा लावत असू. डब्यात चार पोळ्या येत, त्या दोन-दोन. भात दोघांपैकी ज्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल त्याला. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असे आणि त्या रात्री आम्ही "आज अभ्यासाला चांगला वेळ मिळतो" असे एकमेकांना सांगत असू. त्या वर्षी जर कोणी मला दहा लाखांचे यंत्र दाखवले असते तर मी त्याच्याकडे आदराने पाहिले असते आणि रविवारी उपाशी झोपलो असतो.

आपल्याकडे ही गोष्ट जुन्या लोकांना आपल्यापेक्षा चांगली समजली होती. वारावर जेवून शिकण्याची पद्धत मानहानीची असेल, पण शिक्षणाचा खरा खर्च पोटाचा आहे हे तिला ठाऊक होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली, तीही याच जाणिवेतून. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाची सोय करते आहे. तिथे राहून अभियंता झालेले किती तरी जण या धाग्यावरही असतील.

कोयनाकाठ

निळी शाई यांच्याविषयी आदर राखून एक शंका विचारतो. आज सरकार इतके काही देत असताना खासगी शिष्यवृत्तीची गरज किती उरली आहे? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ झाले आहे. तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती योजना वर्षाला पन्नास हजार रुपये देते. यात आपल्या अकरा लाखांनी काय भर पडणार?

निळी शाई

@कोयनाकाठ, योजना आहेत, हे खरेच आहे. पण त्यांतील बहुतेक पैसा शुल्काचा असतो आणि तो येतो तेव्हा वर्ष बरेच पुढे सरकलेले असते. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, आधार बँकखात्याला जोडलेले नसेल तर पुन्हा तालुक्याला जायचे, आणि मग वाट पाहायची. खोलीमालक वाट पाहत नाही. परीक्षा अर्जाची तारीखही थांबत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलीने दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर शिक्षण सोडले ते साडेसात हजार रुपयांसाठी. तिची मंजूर रक्कम खात्यावर आली तेव्हा ती एका कापडदुकानात कामाला लागलेली होती.

खासगी पैशाचे बळ आकारात नाही, वेळेत आहे. सरकारला साडेसात हजार आठ दिवसांत देता येत नाहीत. तुम्हाला येतात.

डेडस्टॉक

हे अगदी खरे आहे. आमचे एक वरिष्ठ प्राध्यापक टेबलाच्या खणात पाकीट ठेवत असत. कोणाला दिले याची नोंद नव्हती, आणि ते निवृत्त झाले त्या दिवशी पाकिटात दिलेल्यापेक्षा जास्त पैसे होते असे ते सांगत. हिशेब तपासायला कोणी नव्हते, त्यामुळे खरे मानावे लागते.

ध्रुवमत्स्य

तिसऱ्या तटातल्या त्या एकट्या पीएच.डी. सदस्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी.

भारतातल्या विज्ञानाच्या मोठ्या संस्थांकडे पाहिले तर सरकारचा पैसा बहुधा दुसरा आला आहे, पहिला आला दानाचा. कोलकात्यात तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांवर विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि १९१७ मध्ये सी. व्ही. रामन सरकारी नोकरी सोडून तिथे पालित प्राध्यापक झाले. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी जमशेदजी टाटांनी तीस लाखांची मालमत्ता देऊ केली आणि त्यांच्या शिष्टमंडळाने १८९८ च्या अखेरीस लॉर्ड कर्झनची भेट घेतली. त्यानंतर संस्था प्रत्यक्ष स्थापन व्हायला १९०९ साल उजाडले. मधल्या काळात, १९०४ मध्ये, जमशेदजी वारले. म्हैसूर संस्थानाने तीनशे एकाहत्तर एकर जमीन दिली. पैसा द्यायला माणूस तयार असूनही सरकारची संमती मिळवण्यात वर्षानुवर्षे गेली, हे आजच्या देणगीदारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले तेव्हा अणुऊर्जा कशाशी खातात हे विश्वस्तांपैकी किती जणांना ठाऊक असेल? तरी पैसे दिले गेले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत ती पेडर रोडवरच्या एका बंगल्यात होती. पुढे खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला. जिथे निष्पत्ती काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, तिथे पहिला रुपया टाकणे हे दानाचे काम आहे. शिष्यवृत्ती ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यात धोका नाही. धोका पत्करणारा पैसा आपल्याकडे फार थोडा आहे.

लेथवाला

ध्रुवमत्स्य, १८९८ सालचे तीस लाख आणि २०२५ सालचे अकरा लाख यांत नावाखेरीज काही साम्य नाही. त्या पैशात संस्था उभी राहिली. आमच्या पैशात संस्थेचे फाटक होईल, तेही एका बाजूचे.

ध्रुवमत्स्य

मान्य. पण लहान पैशानेही धोका पत्करता येतो. शंकर आबाजी भिसे यांना छपाईचे खिळे पाडणारे यंत्र विकसित करण्यासाठी जमशेदजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटांनी पाठबळ दिले होते. भिसे मुंबईचे आणि मराठी, आणि त्यांच्या यंत्राची इंग्लंडमध्येही चर्चा झाली होती.

कोयनाकाठ

ते दान नव्हते. भिसे यांच्या शोधांच्या व्यापारी उपयोगासाठी टाटांनी त्यांच्याशी भागीदारीचे मंडळ काढले होते आणि ते पुढे बंद पडले. गुंतवणूक आणि दान यांत फरक आहे. गुंतवणुकीत पैसे बुडाले तर माणूस शहाणा होतो. दानात बुडाले तर ते बुडाले हेच कोणाला कळत नाही, कारण विचारणारा कोणी नसतो. डेडस्टॉक यांचे निळे प्लास्टिक आठवावे.

ध्रुवमत्स्य

@कोयनाकाठ, दुरुस्ती मान्य. उदाहरण चुकले, मुद्दा चुकला नाही.

गणिताच्या बाई

मी एका ग्रामीण महाविद्यालयात विज्ञान शाखेला शिकवते. संशोधन म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर अणुभट्टी येते, म्हणून एक लहान गोष्ट सांगते.

यवतमाळ-चंद्रपूर भागातल्या भूजलात फ्लोराइड आढळते. आमच्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आपल्या आणि शेजारच्या चार गावांतल्या विहिरी व हातपंप घेतले. चाळीस नमुने, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. तिला काय लागले? झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ऐंशी बाटल्या, एसटीचे भाडे, आमच्याकडे फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड नसल्यामुळे बाहेरच्या प्रयोगशाळेचे शुल्क, आणि बाटलीवर न पुसणारे लिहिणारी पेने. फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवायचा नसतो, हे तिला पहिल्या दहा बाटल्या वाया गेल्यावर कळले. एकूण खर्च एकोणीस हजारांच्या आत होता. महाविद्यालयाकडे यासाठी खाते नव्हते. विद्यापीठाची योजना शिक्षकांसाठी होती, विद्यार्थ्यांसाठी नव्हती. शेवटी तिच्या मामाने पैसे दिले. तिच्या आलेखावरून एका हातपंपावर लाल रंगाची फुली मारली गेली, आणि त्या गावात तो पंप आजही धुण्यासाठीच वापरतात.

अशा दहा प्रकल्पांना दरवर्षी वीस-वीस हजार दिले, तर अकरा लाखांत साडेपाच वर्षे जातात. याला संशोधन म्हणायचे की शिष्यवृत्ती, हे तुमचे तीन तट ठरवोत.

डेडस्टॉक

बाई, एवढ्यासाठी तो इलेक्ट्रोडच कोणी भेट दिला असता तर?

गणिताच्या बाई

दिला असता तर तोही निळ्या प्लास्टिकखाली गेला असता. त्याचीही निगा राखावी लागते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पाहायला कोणी नसते. 🙂

जाता जाता आणखी एक. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी जी विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी होती आणि तिचे नाव "पुलस्त्य" आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात "पु. ल." ही आहेत. नाव पाटीवर असायलाच हवे असेल तर असे असावे.

सिनसिनाटीकर

मी अमेरिकेत आहे. माझ्या विद्यापीठाला माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या कायमनिधीच्या व्याजावर प्राध्यापकांची पदे चालतात, मुद्दलाला हात लावला जात नाही. आपल्याकडेही मोठ्या देणग्या आता येऊ लागल्या आहेत. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला तीनशे पंधरा कोटी दिले. त्याच वर्षी त्याच संस्थेला एका देणगीदाराने नाव न सांगता एकशे साठ कोटी दिले. तुम्हीही कायमनिधी करावा असे सुचवतो. माझ्यासारखे काही जण त्यात भर घालतील.

लेथवाला

जिथे पाणी आहे तिथेच पाऊस पडतो. आयआयटीला शेकडो कोटी आणि आमच्या तंत्रनिकेतनाला तीस वर्षांत एक वॉटर कूलर, त्यावर देणगीदाराच्या तीन पिढ्यांची नावे.

हिशेबनीस

व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, म्हणून रुक्ष लिहितो, पण या धाग्याला त्याची गरज दिसते.

सिनसिनाटीकर यांच्या कायमनिधीचे गणित आधी मांडू. अकरा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला सत्त्याहत्तर हजार येतात. महागाईशी मुद्दल टिकवायचे असेल तर त्यातले निम्म्याहून अधिक परत मुद्दलात घालावे लागतात. उरतात पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे एका मुलाचा वर्षभराचा डबा. कायमनिधी कोट्यवधींचा असेल तर त्याला अर्थ आहे. अकरा लाखांचा कायमनिधी म्हणजे बँकेची सोय. माझा सल्ला, पाच-सहा वर्षांत खर्च करून टाका आणि तोवर पुढची तुकडी तयार करा.

दुसरे, पैसा कोण देतो यावर नियम बदलतात. परदेशात राहणारा, पण भारतीय पारपत्र असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत दान देत असेल तर ते विदेशी अंशदान ठरत नाही. तोच माणूस परदेशी नागरिक झाला असेल, मग त्याच्याकडे मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना, तर ते विदेशी अंशदान ठरते आणि ते स्वीकारायला संस्थेकडे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. सिनसिनाटीकर, तुमचे पारपत्र कोणते आहे हे इथे लिहू नका, पण पैसे पाठवण्यापूर्वी पाहा.

तिसरे, ८०जी म्हणून आपण ओळखतो ती दानावरची आयकराची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. रोखीने दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर तीही नाही. मेळाव्यात टोपी फिरवून जमवलेल्या रकमेच्या पावत्या आता मागू नयेत.

चौथे, तुमचा संघ नोंदणीकृत नसेल तर पैसा कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात असणार. तो माणूस कितीही सज्जन असो, हे आजच थांबवा. नोंदणी असेल तर कार्यकारिणी बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल आहे का ते पाहा. निम्म्या संघांचे पैसे याच एका कारणाने बँकेत गोठलेले मी पाहिले आहेत, कारण कागदोपत्री अध्यक्ष दिवंगत असतात.

तिसरी पाळी

हिशेबनीस, पैसे सध्या माझ्याच खात्यात आहेत. आपला प्रतिसाद वाचून मला घाम फुटला आहे. सोमवारी हालचाल करतो.

सिनसिनाटीकर

माहितीबद्दल आभार. पारपत्र पाहिले. मी आता फक्त सल्ला देऊ शकतो असे दिसते, आणि तो मी आधीच देऊन बसलो आहे.

कोयनाकाठ

एक विषय कोणी काढला नाही. बिनव्याजी परतफेडीची शिष्यवृत्ती का नको? जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच होता, आणि जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञ त्या निधीतून केंब्रिजला गेले. के. सी. महिंद्रा ट्रस्टही परदेशी शिक्षणाला बिनव्याजी कर्ज देतो. परत आलेला पैसा पुढच्या मुलाला जातो. अकरा लाख कधी संपणारच नाहीत.

निळी शाई

परदेशी जाणाऱ्याला ते चालते, कारण तो परत फेडण्याइतके कमावेल अशी खात्री असते. पण ज्या घराने पीककर्जापायी दोन वेळा जप्तीची नोटीस पाहिली आहे, त्या घरात "कर्ज" हा शब्द उच्चारला की आई मुलाला अर्जच भरू देत नाही. माझ्या आईनेही दिला नसता. तुम्ही दान म्हणून द्या. पहिला पगार झाला की दोन ओळींचे पत्र पाठवा, की तुझ्यासारखाच एक जण यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. कागदावर सही न घेता जेवढे परत येते तेवढे पुष्कळ असते. डेडस्टॉक यांच्या प्राध्यापकांच्या पाकिटाचा पुरावा आहेच.

आणि एक विनंती, धनादेश देताना फोटो काढू नका. मला मिळालेल्या एका मदतीचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात आला होता, खाली "गरीब व होतकरू" असे छापले होते. वर्गात मला वर्षभर "होतकरू" म्हणून हाक मारत.

ध्रुवमत्स्य

हे वाचून मी माझा आग्रह मागे घेतो असे नाही, पण त्याचे प्रमाण कमी करतो. सरकारने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला तेव्हा पाच वर्षांच्या पन्नास हजार कोटींपैकी छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले होते. अशा आकड्यांपुढे आपण काय बोलणार? मला गणिताच्या बाईंची एकोणीस हजारांची फुली पटते. संशोधनासाठी तेवढे ठेवा.

लेथवाला

तीन तटांचे आता दीड झाले. अर्धा माझा.

तिसरी पाळी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आमची बैठक झाली आणि हा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. निळ्या प्लास्टिकपर्यंत आलो तेव्हा आमच्यातला एक जण, जो आता त्याच तंत्रनिकेतनात शिकवतो, खाली पाहू लागला. आमच्याही कार्यशाळेत एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, लेथ दीड वर्ष बंद आहे असे त्याने सांगितले. बिघाड कंट्रोलरच्या एका कार्डात आहे.

तेव्हा यंत्र घ्यायचे नाही, आहे ते दुरुस्त करायचे, असे पहिल्या तटाने स्वतःच मान्य केले. मीही. त्यासाठी आणि पुढच्या देखभालीसाठी तीन लाख. सहा लाख तातडीच्या मदतीचे: डबा, खोलीभाडे, परीक्षा अर्ज. दोन शिक्षक आणि आमच्यापैकी एक यांनी आठ दिवसांत निर्णय द्यायचा, फोटो नाही, "होतकरू" हा शब्द कुठेही नाही. उरलेले दोन लाख विद्यार्थ्यांच्या लहान प्रकल्पांना, प्रत्येकी वीस हजारांपर्यंत. आमचा पीएच.डी. त्या प्रकल्पांचे अर्ज वाचणार आहे आणि त्याच्या आवाजाची पट्टी जरा खाली आली आहे.

संघाची नोंदणी १९९९ मध्येच झालेली आहे असे निघाले. कागदोपत्री अध्यक्ष हिशेबनीस म्हणाले तसेच आहेत. बदल अर्जासाठी मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागते का आणि ती मुलाकडून घ्यावी लागेल का, एवढे कोणी सांगेल काय?

हिशेबनीस

लागेल. शिवाय नव्या अध्यक्षांची निवड ज्या सभेत झाली तिची सूचना, उपस्थितांच्या सह्या आणि ठरावाची प्रत जोडा. सभा अजून घेतली नसेल तर आधी सूचना काढा, आणि तोपर्यंत ते अकरा लाख कृपया मुदतठेवीत टाकू नका, नाही तर व्याज तुमच्या उत्पन्नात धरले जाईल.

तिसरी पाळी

टाकले होते. उद्या मोडतो.